पडवणच्या तरीवरचा फोटो

"कॅमेरा हवा तर घेऊन जा," इकबाल मुकादम म्हणाला. "कार्ड मागू नका."

आणि त्याने खरोखरच कॅमेरा बाकावरून माझ्याकडे सरकवला. कुवेतहून आणलेला, मुठीत मावेल एवढा, रुपेरी. कार्डाच्या खाचेचं झाकण उघडं होतं आणि आत काही नव्हतं.

"मला कॅमेरा नकोय, इकबालभाई. त्यातला एकच फोटो बघायचाय."

"तो कुणीच बघायचा नाही."

"तुम्ही बघितलात?"

त्याने कार्डाच्या खाचेचं झाकण बोटाने बंद केलं. आतल्या दाराशी त्याची आई उभी होती, कडेवर नात. मुलगी दोन-अडीच वर्षांची असेल. तिने माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं, तशी आजी तिला घेऊन आत गेली.

"मॅडम, तुम्ही पेपरवाले. तुम्हाला रोज नवा फोटो मिळतो," इकबाल म्हणाला. "माझ्याकडे माझ्या बायकोचा हा शेवटचा आहे. तो तुमच्या पेपरात छापून त्यावर कुणी भजी खाणार. चहा प्यायचा असेल तर बसा. नाहीतर निघा, गाडी आत्ताच सुटेल."

मी चहा प्यायला बसले. गाडी सुटली ती सुटली.

ही गोष्ट दोन हजार चार सालची. मी रत्नागिरीच्या एका दैनिकात फोटोग्राफर होते. जिल्ह्यात बातमीचे फोटो काढणारी बाई मी एकटीच, आणि डिजिटल कॅमेरा वापरणारीही एकटीच. मुंबईच्या ऑफिसने तो कॅमेरा पाठवला तेव्हा कुणी हात लावायला तयार नव्हतं. रोल नाही, निगेटिव्ह नाही, मग पुरावा काय, असं सगळे म्हणायचे. मला मात्र त्यातली एक गोष्ट पहिल्या दिवसापासून आवडली होती. प्रत्येक फोटोबरोबर तो काढल्याची वेळ सेकंदासकट साठवली जायची. वडिलांच्या स्टुडिओत मी निगेटिव्हच्या कडेला पेन्सिलीने तारखा टाकत मोठी झाले होते, त्यामुळे मला त्याचं अप्रूप होतं.

जानेवारीत आडगरच्या दर्ग्याचा उरूस होता. पडवणची खाडी तिथे इतकी अरुंद आहे की अलीकडून हाक मारली तर पलीकडे ऐकू जाते. पलीकडच्या पडवणच्या जेटीवरून माणसं तरीच्या, म्हणजे खाडी ओलांडून देणाऱ्या, होडीने आडगरला येत होती. मी दर्ग्याच्या टेकडीवर उभी राहून पायऱ्यांवरून चढणाऱ्या संदलच्या मिरवणुकीचे फोटो काढत होते. समोर निशाण धरलेला म्हातारा, त्याच्या मागे गर्दी, गर्दीच्या मागे खाडी. माझं सगळं लक्ष म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर. एकदम खालून ओरडा आला, आणि बघते तर होडी पालथी.

वीसेक जण वाचले. एक शाळकरी मुलगी आणि दोन बायका गेल्या. त्यांतली एक इकबालची बायको, हाजरा.

होडी हरेश्वर पालशेतकरची होती. पडवणच्या तरीवर आधी त्याच्या बापाची होडी होती, मग त्याची. दुसऱ्याच दिवशी सगळीकडे छापून आलं की नाखवा प्यायलेला होता आणि होडीत माणसं कोंबली होती. आमच्याही पेपरात आलं. त्याला अटक झाली, मग जामीन. उलट खाडीच्या वरच्या अंगाच्या खाणीतला माल समुद्राकडे नेणारा जो बार्ज होता, त्याच्या खलाशांचा सत्कार झाला. बार्ज खाडीच्या तोंडाशी, पडक्या बुरुजाजवळ नांगर टाकून उभा होता; आरडाओरडा ऐकून त्यांनी नांगर उचलला, धावत आले आणि पाण्यातून माणसं काढली, असं खाण कंपनीने सांगितलं. माणसं काढली हे खरंच होतं. मी स्वतः बघितलं होतं. एका खलाशाने तर दोन पोरांना एकदम उचललं होतं.

हरेश्वर मात्र एकच सांगत होता. "होडी माझी नाय पालथी झाली. बार्जाच्या लाटेनं घेतली. तो थांबलेला नव्हता, सुसाट आत येत व्हता."

त्याचं कुणी ऐकत नव्हतं. मीही ऐकलं नव्हतं. पण आठवड्याने निशाणवाल्या म्हाताऱ्याचा फोटो रविवारच्या पानासाठी मोठा करत होते, तेव्हा त्याच्या खांद्यामागे, पुसट झालेल्या खाडीत, मला पांढरी रेघ दिसली. होडी कलती झालेली, आणि माडांच्या आडून बार्जचं नाक बाहेर आलेलं. नाकाशी फेस. होडी अजून पालथी व्हायची होती आणि बार्ज तिच्याजवळ पोचलेला होता. ओरडा ऐकून निघालेला बार्ज ओरडा होण्याआधी तिथे कसा?

मी आधीचे सगळे फोटो उघडले. एकात होडी जेटीवरून नुकती सुटत होती. जेटीवरच्या माणसाने सोडलेला दोर हवेत होता, होडीतल्या माणसाने झेलायला हात वर केले होते. बार्ज त्यात नव्हता. माझ्या जागेवरून बुरुजाची बाजू माडांनी झाकली होती. आणि त्याच जेटीवर, दोर टाकणाऱ्याच्या शेजारी, डोळ्यांसमोर काहीतरी धरून उभा असलेला एक माणूस. तो होडीचा फोटो काढत होता. त्याच्या पाठीशी जेटी, समोर होडी, आणि होडीच्या मागे, नेमका, बुरूज.

तो माणूस कोण, हे पडवणात पहिल्याच दुकानात कळलं.

संपादक अच्युत लिमये यांना मी दोन्ही फोटो स्क्रीनवर दाखवले. लिमये चांगले पत्रकार होते आणि घाबरट अजिबात नव्हते, पण हे त्यांना पटेना.

"यावरून तू काय म्हणणार? बार्ज होता?"

"या दोन फोटोंत किती सेकंद गेले ते कॅमेऱ्याने लिहून ठेवलंय. पहिल्या क्षणी बार्ज कुठे होता ते इकबालच्या फोटोत असेल. दुसऱ्या क्षणी कुठे होता ते माझ्यात आहे. मधलं अंतर नकाशावर मोजता येतं."

"त्याच्या कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर कशावरून?"

"बरोबर नसेलच. कुवेतची वेळ असेल त्यात. त्याच्या घड्याळाची गरजच नाही, सर. त्याच्या फोटोत दोर हवेत असला की झालं. दोर हवेत दोन सेकंदसुद्धा राहत नाही. म्हणजे तो माझाच क्षण, दुसऱ्या बाजूने."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि हे वाचकाला दाखवणार कसं?"

"खाडीच्या तोंडावरच्या डोंगराची रेघ दोन्ही काठांवरून दिसते. त्या रेघेवर सगळे फोटो बसवायचे. एकच लांब चित्र. कॉम्प्युटरवर थर ठेवता येतात."

"म्हणजे जोडलेला फोटो."

"हो."

"वृंदा, जोडलेला फोटो म्हणजे लोकांच्या लेखी खोटा फोटो. सिनेमाच्या पोस्टरवर चालतो. माझ्या पहिल्या पानावर नाही."

"जोड लपवणार नाही. कडा तशाच दिसू दे. प्रत्येक फोटो अख्खा शेजारी छापू, कुणी हवं तर ताडून बघेल. आतलं मी काही हलवणार नाही, पुसणार नाही, घालणार नाही."

"कुरूप दिसेल."

"दिसू दे."

ते हसले नाहीत, पण चष्मा परत चढवला. "आधी तो फोटो तर आण."

तो फोटो आणायला म्हणून मी इकबालच्या पडवीत बसले होते. पहिल्या दिवशी चहा पिऊन परत आले. दुसऱ्यांदा गेले ती माझ्या फोटोची मोठी प्रिंट घेऊन. त्याने ती हातात घेतली आणि कितीतरी वेळ स्वतःकडेच बघत राहिला. जेटीवर, कॅमेरा डोळ्याशी.

"हा मी," तो म्हणाला.

"हो."

"मी अम्मीला घेऊन पुढच्या खेपेला जाणार होतो. आमची मुनीरा झोपली होती म्हणून थांबलो. हाजराला म्हटलं, तू जा, जागा धर." त्याने प्रिंट गुडघ्यावर ठेवली. "त्या हरेश्वरने मारली तिला. आणि तुम्ही त्याला सोडवायला आलात."

"तसं मी म्हटलं नाही."

"मग कशाला आलात?"

"काय झालं ते मला माहीत नाही म्हणून. तुमच्या फोटोत बार्ज नांगरावर उभा दिसला, तर मी तेच छापेन. मग हरेश्वर खोटा. चालत असलेला दिसला, तर तेही छापेन. तुमच्याकडे आहे ते, इकबालभाई. तुम्ही बघितलं नाही म्हणून ते बदलणार नाही."

हे बोलल्यावर मला वाटलं, आता हा मला हाकलून देईल. तो उठून आत गेला. आत मायलेकांचं हळू आवाजात काहीतरी बोलणं झालं. म्हातारीचं एक वाक्य मला ऐकू आलं, "कवर लपवशील? बघून घे एकदाचं."

बाहेर आला तेव्हा त्याच्या मुठीत रुमाल होता, रुमालात कार्ड.

"मी बरोबर येणार. मी शेजारी बसणार. दुसरं कुणी खोलीत नको. आणि मी सांगेन तेव्हा बंद."

"कबूल."

वाटेत मी त्याला कडा उघड्या ठेवून जोडायच्या चित्राबद्दल सांगितलं. दुपारी ऑफिसात फारसं कुणी नसतं. मी दार लावून घेतलं आणि कार्ड लावलं. एकामागून एक फोटो उघडत गेले: कुवेतचा विमानतळ, मुलगी, मुलगी, परसातली केळ, पुन्हा मुलगी. मग पडवणची जेटी.

हाजरा होडीच्या काठावर बसली होती. हिरवी ओढणी, मांडीवर स्टीलचा मोठा डबा. नवऱ्याकडे बघून ती हसत होती आणि एक हात पुढे करून, पुरे आता, असं सांगत होती. तिच्या डोक्यावर हवेत दोराचं वेटोळं. आणि डाव्या खांद्यामागे बुरूज, बुरुजापुढे बार्ज. नाकाशी दोन्ही बाजूंना पांढरा फेस, मिशांसारखा. नांगरावर उभ्या असलेल्या बार्जला फेस येत नाही.

इकबालने बार्ज बघितलाच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता.

"डबा तिच्या बहिणीसाठी होता," तो म्हणाला. "सांदण. सकाळपासून लागली होती करायला."

मग त्याची नजर हळूहळू तिच्या खांद्यावरून मागे गेली. फेसापाशी थांबली. तो खलाशी नव्हता, पण खाडीवर वाढलेला होता. त्याला समजावून सांगायची गरज पडली नाही.

"उभा नव्हता तो," तो म्हणाला.

"नाही."

"खोटं बोलले."

"हो."

तो खुर्चीत मागे टेकला. "ठीक आहे. छापा. पण तिला काढा."

"म्हणजे?"

"कॉम्प्युटरवर पुसता येतं ना? कुवेतला आमच्याकडे एकजण करायचा. माणूस काढून मागे भिंत भरायचा. तिला पुसा. बार्ज ठेवा, होडी ठेवा. ती नको."

"नाही करता येणार."

"येत नाही?"

"येतं. करणार नाही." मी त्याच्याकडे वळले. "इकबालभाई, मी तिला पुसली तर उद्या कंपनीचा वकील विचारेल, फोटोत काही बदललंय का? मला हो म्हणावं लागेल. मग तो म्हणेल, जिला बाई पुसता येते तिला बार्जही घालता येतो. आणि त्याचं बरोबर असेल."

"चेहरा तरी पुसट करा."

"तेही नाही. एक ठिपका हलवला की सगळा फोटो गेला."

"अहो, ती माझी बायको आहे!" तो उठून उभा राहिला. "कुणाकुणाच्या घरात जाणार ती? पडवणातल्या मागल्या गल्लीतल्या माणसालासुद्धा तिचा चेहरा माहीत नाही, आणि तुम्ही जिल्ह्याला दाखवणार? ती असती तर दिला असता तिने?"

मी म्हटलं, "फोटो तुमचा आहे. नाही म्हणालात तर नाही."

त्याने हात पुढे केला. मी कार्ड काढून त्याच्या हातावर ठेवलं. त्याने विचारलं, "तुम्ही कॉपी केली?"

"नाही."

"करू शकला असता. मला कळलं नसतं."

"हो."

तो गेला. मी टेबलाशी तशीच बसून राहिले. होडीच्या अपघाताची प्रांताधिकाऱ्यांपुढची चौकशी पुढच्या आठवड्यावर आली होती. फोटो होता, मी डोळ्यांनी बघितला होता, आणि माझ्या हातात काही नव्हतं. पण कंपनीने सांगितलेली गोष्ट खोटी आहे हे आता मला माहीत होतं, आणि हे माहीत झाल्यावर घरी जाऊन स्वस्थ बसणं मला जमण्यासारखं नव्हतं. मी तशीच निघाले आणि हरेश्वरच्या घरी गेले.

हरेश्वर परसात पालथ्या घातलेल्या होडीच्या तळाला डांबर लावत होता. पोलिसांनी होडी परत दिली होती, पण पाण्यात घालायला बंदी होती. तरी डांबर लावत होता.

"काका, बार्ज चालत होता. तुमचं खरं आहे," मी म्हटलं. "एक फोटो आहे. पण तो मला देता येत नाही."

"इकबालकडं हाय," तो म्हणाला. त्याने इकबालला फोटो काढताना बघितलंच असणार. "नाय देत तो?"

"त्यात त्याची बायको आहे."

त्याने ब्रश डब्यात ठेवला. "आणि माणसं? होडीतली सगळी दिसतात त्यात?"

"सगळी."

"मोजता येतात?"

मी हो म्हटलं. फोटो गेला तरी माझ्या डोळ्यांसमोर होता. परवान्यात होती त्याहून चांगली आठ-दहा माणसं जास्त असावीत.

"उरूस व्हता," तो म्हणाला. "लोकं ऐकत नव्हती. मी पण जोर करून उतरवली नाय. लाट आली तेव्हा होडी आधीच पाण्यात बसली व्हती. हलकी असती तर लाटेवर चढली असती." तो डांबराच्या हातांकडे बघत होता. "पियालो नव्हतो. ता मात्र खोटां. पण माणसं जास्त व्हती. ता खरां."

"हे तुम्ही पोलिसांना सांगितलंत?"

"वकील म्हणाला, सांगू नको."

त्या संध्याकाळी तो इकबालच्या घरी गेला. मी बरोबर होते, पण मला त्याने बोलावलं नव्हतं. मी मागे मागे गेले. तो पडवीच्या पायऱ्यांखाली उभा राहिला. वर चढला नाही. इकबाल बाहेर आला आणि त्याला बघून पुढे झाला, तेव्हा मला वाटलं मारामारी होणार.

"इकबालभाई," हरेश्वर म्हणाला, "मी माणसं जास्त घेतली व्हती. हे मी चौकशीत सांगणार हाय. तुम्ही फोटो दिलात तरी सांगणार, नाय दिलात तरी सांगणार. माझा परवाना जायचा तो जाईल. पण बार्ज सुटता नये. उद्या परत येईल तो तसाच. खाडीत पोरां पोहतात."

इकबाल पायरीवर तसाच थांबला. तो भांडायला बाहेर आला होता. समोरच्या माणसाने आधीच कबूल केलं तर पुढे काय करायचं, हे त्याला सुचेना.

"तुला ती दिसली होती?" त्याने शेवटी विचारलं. "पाण्यात?"

"हात दिसला. मी मारली उडी. लाटेनं होडीच आमच्या अंगावर घातली."

मग इकबाल म्हणाला, "जा तू. जा आता." आवाज चढा नव्हता. हरेश्वर गेला. मीही निघाले, तेव्हा मागून हाक आली.

"बाय."

मॅडम नव्हे, बाय, बहिणीला म्हणावं तसं. मी वळले.

"ते कडा दिसणारं चित्र म्हणालात, ते करा. फोटो अख्खा घ्या. पण पेपरात आधी नाही. आधी प्रांतांपुढे. आणि तिथे तो मी दाखवणार, तुम्ही नाही."

आठवडाभर मी ते चित्र जोडत होते. डोंगराची रेघ खाली अंथरली, तिच्यावर माझे फोटो, मग इकबालचा. त्याचा फोटो रुंद दाखवणाऱ्या छोट्या भिंगाचा, माझा दूरचं जवळ आणणाऱ्या लांब भिंगाचा. डोंगर डोंगरावर बसेना. मी पडवणच्या जेटीवर जाऊन त्याच्या जागेवरून पुन्हा फोटो काढले, भूमापन कार्यालयातून खाडीचा नकाशा मिळवला, जुळवलं, मोडलं, पुन्हा जुळवलं. प्रत्येक फोटोच्या कडेला लाल रेघ ठेवली. शेवटी जे झालं ते लिमये म्हणाले होते तसं कुरूपच होतं. गोधडीसारखं. पण त्यात डावीकडे दोर हवेत असताना बुरुजाशी असलेला बार्ज दिसत होता आणि उजवीकडे होडी कलताना तोच बार्ज तिच्या कुशीला. मधल्या काळात तो जोरात सायकल मारणाऱ्या माणसाच्या वेगाने आला होता.

चौकशीला कचेरीत गर्दी होती. कंपनीचा वकील मुंबईचा होता, सभ्य आणि हुशार. त्याने माझं चित्र शांतपणे बघितलं.

"हे आपण कॉम्प्युटरवर केलंत?"

"हो."

"म्हणजे असं चित्र प्रत्यक्षात कुणी काढलेलं नाही?"

"नाही. हे तीन फोटो आहेत. लाल रेघा आहेत तिथे जोड आहेत. मूळ फोटो शेजारी ठेवलेत."

"कॉम्प्युटरवर फोटोत एखादी वस्तू घालता येते, हे आपल्याला मान्य आहे?"

"येते."

"काढताही येते?"

"येते."

"मग हा बार्ज बाहेरून घातलेला नाही, हे या कचेरीने आपल्या शब्दावर मानायचं?"

मी उत्तर देणार, तोच मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. इकबाल उभा होता. प्रांतांनी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही.

"साहेब, फोटो मी काढलाय. कार्ड माझ्याकडे आहे. घ्या, तुमचा माणूस लावून तपासा." त्याने रुमाल पुढे केला. मग टेबलावरची मोठी प्रिंट उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"ही माझी बायको. हाजरा. हिला पुसा म्हणून मी या बायच्या पाया पडायचा बाकी होतो. बाय म्हणाली, एक ठिपका हलवणार नाही, फोटो नको असेल तर परत घेऊन जा. आणि परत दिला, साहेब. कॉपीसुद्धा ठेवली नाही." तो वकिलाकडे वळला. "माझ्यासाठीसुद्धा हाजराला काढली नाही या बायने. मग तुमचा बार्ज कशाला घालेल?"

वकील खाली बसला. त्याने नंतर आणखी प्रश्न विचारले, त्याचं कामच होतं ते, पण फोटोविषयी नाही.

हरेश्वरने आपल्या वकिलाचं न ऐकता माणसांचा आकडा सांगितला. त्याचा परवाना गेला तो गेलाच. पुढे कोर्टात त्याला शिक्षाही झाली, थोडी. दारूचा आरोप मात्र टिकला नाही. बार्ज चालवणाऱ्या तांडेलावर गुन्हा दाखल झाला. दोन पोरांना उचलणारा तो खलाशी पुढे येऊन म्हणाला, की नांगर टाकलेलाच नव्हता, वरून सांगितलं होतं म्हणून तसं सांगितलं. खाडीत बुरुजाच्या आत बार्जना वेगाची मर्यादा आली आणि पुढे काही वर्षांनी खाणीची वाहतूकच दुसरीकडून झाली. लिमयांनी चित्र पहिल्या पानावर छापलं, लाल रेघांसकट. इकबालने परवानगी दिली होती. त्या दिवशी पडवणात पेपर गेले, पण मला नंतर कुणीतरी सांगितलं, की दुकानदारांनी तो अंक पुड्या बांधायला काढला नाही.

एप्रिलमध्ये इकबाल ऑफिसात आला. कुवेतला परत जायचं होतं त्याला. आल्या आल्या त्याने विचारलं, "आता चौकशी झाली ना?"

"झाली."

"आता तो फोटो पेपराचा नाही?"

"नाही. आता तुमचा."

"मग त्यातला बार्ज काढून द्याल?" तो जरा थांबला. "मुनीराला दाखवायला दुसरा फोटो नाही माझ्याकडे. लग्नातल्यात तिची आई खाली बघतेय. या एकात हसतेय."

बातमीच्या फोटोतली वस्तू मी कधी काढली नव्हती आणि त्यानंतरही काढली नाही. पण हा आता बातमीचा नव्हता. आणि बार्ज काढायचा म्हणजे त्याच्या जागी काय घालायचं हा प्रश्न होता. कॅमेऱ्याने बार्जच्या मागचं पाणी बघितलंच नव्हतं. आजूबाजूचं पाणी ओढून भोक बुजवता आलं असतं, पण ते मला करवेना. मी पडवणला गेले, भरतीच्या वेळी, ऊन त्याच बाजूचं असताना. जेटीवर इकबालच्या जागेवर उभी राहिले आणि बुरुजासमोरच्या रिकाम्या पाण्याचा फोटो काढला. बाजूला बायका नव्या होडीची वाट बघत होत्या. तेवढं पाणी मी त्या फोटोत बसवलं. या वेळी जोड दिसू दिले नाहीत.

जायच्या आदल्या दिवशी तो न्यायला आला. फ्रेम हातात धरून त्याने नीट बघितलं. हिरवी ओढणी, डबा, पुढे केलेला हात, मागे बुरूज आणि खाडी.

"हे पाणी कुठलं?" त्याने विचारलं.

"तिथलंच. परवाचं."

तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे हा फोटो खोटा."

"हो."

"असू दे," इकबाल म्हणाला. "खरा कचेरीच्या कागदांत लागलाय. घरात हा राहू दे."

त्याने फ्रेम आईने दिलेल्या चादरीत गुंडाळली, काखेत घेतली आणि पडवणची गाडी पकडायला खाली उतरला.